ती पाटी उतरवा

निवडणूक तोंडावर आली की आमच्या वऱ्हाडातल्या चहाच्या हॉटेलांत एक पाटी हमखास दिसते : ‘येथे राजकीय चर्चा करू नये.’ आता तीच पाटी मोबाइलवरही आली आहे. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अॅडमिन दर चार दिवसांनी बजावतो, ‘राजकीय पोस्ट टाकू नये, टाकल्यास रिमूव्ह करण्यात येईल.’ लग्नाच्या पंगतीतही कुणी काही बोलू लागलं की एखादे काका हात वर करतात, “जेवताना राजकारण नका काढू बाप्पा.” मग काय बोलायचं? खाण्यापिण्याचं बोला. कुठं फिरून आलात ते सांगा.

हॉटेलवाल्याचं मला समजतं. बोलाचाली वाढली की बाकडी उलटतात, गिऱ्हाइकांचे दोन तट पडतात आणि उधारीचे दोन्हीकडचे पैसे अडकतात. त्याचं पोट त्या गल्ल्यावर आहे, त्यानं पाटी लावावी. माझा राग आहे तो बाकीच्यांवर, ज्यांनी ही पाटी डोक्यात ठोकून घेतली आहे. राजकारण एकीकडे, जेवण दुसरीकडे आणि प्रवास तिसरीकडे, अशी वाटणी ज्यांना परवडते त्यांनी खुशाल करावी. जऊळक्याला ती परवडत नाही.

जऊळका रेल्वे हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. अकोला–पूर्णा मार्गावरचं स्टेशन म्हणून गावाच्या नावालाच रेल्वे जोडलेली. आजूबाजूला किन्हीराजा, मेडशी, शेलूबाजार. शिवारात सोयाबीन आणि तूर. इथं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न प्रकृतीचा आणि दुसरा भावाचा.

“सोयाबीन कितीले गेलं गा?”

“चार हजारही नाही भेटले, भाऊ. ओल सांगतली.”

एवढ्या दोन वाक्यांत दिल्ली आहे, मुंबई आहे आणि बाजार समितीही आहे. २०२४–२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली सौदे होत होते. सरकारी खरेदीला १२ टक्क्यांची ओलाव्याची अट. परतीचा पाऊस झोडपून गेलेला, मळणीला ऊन नाही, मग १२ टक्के आणायचे कुठून? अट शिथिल होऊन १५ टक्के झाली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, विधानसभेचं मतदान चार-पाच दिवसांवर आल्यावर. तोवर ज्याला दिवाळी करायची होती, ज्याच्या दारात मळणीयंत्रवाला पैशाला उभा होता, तो माल खाजगीत घालून मोकळा झाला होता. आणि हे सांगणाऱ्याला आपण म्हणायचं, राजकारण बोलू नको?

आता खाण्याकडे येऊ, कारण खाण्याचा विषय सुरक्षित समजतात.

रब्बीचं आवरलं, उन्हं चढू लागली की आमच्याकडे वावरात रोडग्यांचा बेत होतो. कुणाचा नवस असतो, कुणाला पोरगं झालेलं असतं, कुणाला नुसती हौस. जाडसर दळलेली कणीक, तीत ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं सढळ मोहन. कणीक घट्ट मळायची, छोटी पारी करून तिला तेल लावायचं, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी एकात एक गुंडाळत हाताच्या मुठीएवढा गोळा करायचा. गोवऱ्यांचा जाळ बसून नुसता आर उरला की रोडगे त्यात सोडायचे आणि उलथत राहायचं. पोटात कच्चा राहिला की सगळी मेहनत वाया. भाजला की कापडात घेऊन राख झटकायची, मुठीनं फोडायचा, वर तूप. सोबत तुरीचं वरण आणि बगोणंभर वांग्याची भाजी, जिच्यावर लाल तर्री तरंगलीच पाहिजे.

या भाजीवरून होणारी भांडणं ऐकावीत. वांग्याचं देठ ठेवायचं की काढायचं. शेंगदाण्याचा कूट घालायचा की तो चवीचा घात करतो. बाजारची मोठी गुळगुळीत वांगी चालतील की गावरान काटेरीच हवीत. माझं मत स्पष्ट आहे : देठ राहिलंच पाहिजे, कूट नको आणि गुळगुळीत वांग्यांची भाजी रोडग्यासोबत वाढणं हा रोडग्याचा अपमान आहे. याच्या उलट मत असलेले माझे सख्खे नातलग आहेत आणि वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांना पटवू शकलेलो नाही.

पण त्या तर्रीकडे जरा नीट बघा. ते सोयाबीनचं तेल आहे. ज्या वावरात आपण पंगतीला बसलो त्याच वावरातून सोयाबीन पोत्यात भरून बाहेर गेलं आणि तेल होऊन पाकिटातून परत आलं. जाताना त्याची किंमत दुसऱ्यानं ठरवली आणि येतानाही दुसऱ्यानंच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं आणि शुद्ध केलेल्या तेलावरचं १२.५ वरून ३२.५ टक्क्यांवर. हेतू सांगितला तो शेतकऱ्याला भाव मिळावा हा. दुकानातलं तेल लगेच महागलं. सोयाबीन मात्र हमीभावापर्यंतही चढलं नाही. पुढं ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, म्हणजे पेरणीच्या ऐन तोंडावर. पेरणाऱ्यानं यातून काय समजायचं? मधल्या काळात विधानसभेच्या प्रचारात एका बाजूनं सहा हजारांचा भाव सांगितला, दुसरीनं सातचा. हमीभाव २०२५–२६ साठी जाहीर झाला तो ५,३२८ रुपये.

जेवताना राजकारण नको म्हणणारे काका त्या तेलात भाकर बुडवूनच ते म्हणत असतात.

आणि या रोडग्यांचं आणखी एक आहे. निवडणुकीच्या हंगामात वावरातल्या पंगतींचे यजमान बदलतात. गाड्या येतात, मंडप पडतो, आचारी बाहेरचा असतो. पोटभर जेवून माणसं परत येतात आणि मग पाच वर्षं त्या यजमानाला प्रश्न विचारायला कचरतात. खाल्ल्या मिठाला जागायचं हा आपल्याकडचा मोठा संस्कार आहे आणि नेमका तोच कुणीतरी वापरून घेतो. ते मीठ कुणाच्या पैशाचं, हे एकदा विचारा. गावच्या रस्त्याचं काम निकृष्ट झालं, नाली अर्धवट राहिली, आणि ज्यानं ते काम घेतलं होतं त्यानंच जेवण दिलं असेल, तर ते मीठ आपलंच आहे. त्याला जागायचं असेल तर आपल्या गावाला जागा.

प्रवासाचंही हेच.

कुठं फिरून आलात, हा प्रश्न आता काश्मीर, केरळ, बाली असाच समजतात. जऊळक्याचा प्रवास वेगळा आहे. दवाखान्याला अकोला. कचेरीला वाशीम. बाजाराला मालेगाव. दर्शनाला शेगाव, पोहरादेवी, डव्ह्याचे नाथनंगे महाराज. कामाला पुणे. यातल्या प्रत्येक प्रवासाचं तिकीट कुणीतरी ठरवलेलं असतं.

कचेरीचंच घ्या. ब्रिटिशांनी १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला आणि त्याचे तालुके अकोला-यवतमाळात वाटले. जिल्हा परत झाला तो १ जुलै १९९८ ला. मधली ९३ वर्षं या पट्ट्यातल्या माणसानं एका सही-शिक्क्यासाठी अकोल्याची वाट तुडवली. एक पिढी म्हातारी होऊन गेली, तिची पोरं म्हातारी झाली. जिल्हा हवा की नको हे वरवर पाहता राजकारण. पण ज्याचा बाप आणि मग तो स्वतः सात-बाराच्या भांडणात अकोल्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात झिजला, त्याला ते तिकीट आणि डबा याच भाषेत कळलं.

रेल्वेचं घ्या. जऊळक्याला हक्काची गाडी म्हणजे पॅसेंजर. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथं न थांबता निघून जातात. मार्च २०२० मध्ये करोनात पॅसेंजर गाड्या बंद पडल्या. परत सुरू झाल्या तेव्हा देशभर कितीतरी पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लावलं गेलं. कमीत कमी तिकीट १० रुपयांचं होतं, ते ३० झालं. डबा तोच, वेग तोच, सायडिंगला पडून राहणंही तेच. ते ३० चे परत १० झाले फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, लोकसभेची निवडणूक जाहीर होण्याच्या उंबरठ्यावर. या मधल्या काळात ज्या पोरीचं कॉलेज एका स्टेशनापलीकडे होतं, तिच्या बापानं रोज जाऊन-येऊन साठ रुपये मोजायचे की पोरीला घरी बसवायचं, हा निर्णय कुठल्या पारावर चर्चेला आला? त्या दिवसांत आमचे ग्रुप कशावर तापले होते ते आठवा. कोण कोणाला सोडून कोणाकडे गेला, यावर. पक्षफुटीच्या प्रत्येक तासाचा हिशोब आपल्याला पाठ होता, आणि तिकीट तिप्पट झालं होतं हे स्टेशनावर उभ्या राहणाऱ्या माणसाला एकट्यालाच ठाऊक होतं.

समृद्धी महामार्गाबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच मतं असतात : अप्रतिम किंवा सत्यानाश. ७०१ किलोमीटरचा रस्ता, त्यातले जवळपास ९७ वाशीम जिल्ह्यातून, मालेगाव तालुक्यातूनही. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी–आमणे ५ जून २०२५ ला. नागपूरला रुग्ण घेऊन जाणाऱ्याचे तास वाचले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याला खोटं ठरवणाऱ्याशी मी वाद घालीन. पण त्याच रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, ऑटोला आणि ट्रॅक्टरलाही. ज्याच्या वावरातून तो रस्ता गेला त्याच्याकडे वाहन आहे ते मोटरसायकल. त्यानं कुंपणाबाहेरून वळसा घालायचा, पलीकडच्या तुकड्यात जायला खालचा बोगदा शोधायचा आणि पावसाळ्यात त्या बोगद्यात पाणी साचलं की परत फिरायचं. वेगाच्या रस्त्यावर दुचाकी नको हे सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच. मग शेजारचे पांदण रस्ते कुणी करायचे, बोगद्यातलं पाणी कुणी काढायचं? ‘अप्रतिम’ म्हणणारा हे विचारत नाही, कारण तो वरून जातो. ‘सत्यानाश’ म्हणणाराही विचारत नाही, कारण त्याला पांदण रस्त्यात रस नाही, त्याला मुख्यमंत्र्यात रस आहे.

आमच्या चर्चांचा रोग हाच आहे. आम्ही माणसाच्या नावावरून मत ठरवतो आणि मग ताट आणि तिकीट त्या मतात बसवतो. भाव पडला की सत्तेतला पक्ष आपला असेल तर जागतिक बाजार, आणि नसेल तर सरकारचं पाप. हा खोटेपणा आहे आणि तो दोन्हीकडचे करतात. माझी एकच अट आहे. राजकारणावर मत द्या, जोरात द्या, पण आधी सांगा : या विषयात तुमच्या ताटातलं काय गेलं किंवा काय आलं, तुमच्या तिकिटाचे किती पैसे वाढले किंवा वाचले. ते सांगता येत नसेल तर ज्याला सांगता येतं त्याला आधी बोलू द्या.

म्हणजे मग सगळी भांडणं मिटतील असं मी म्हणत नाही. काही खरीखुरी उरतील, आणि ती मोलाची असतात. आमच्या याच रेल्वेचं उदाहरण देतो. पूर्वी ही मीटर गेज होती. जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस अकोला-वाशीम करत याच रुळांवरून जायची. हिंगोलीचा हळदीचा व्यापारी असो की अजमेरला उरुसाला निघालेला माणूस, त्याच मार्गानं खांडव्यावरून उत्तरेत उतरायचा. २००८ मध्ये पूर्णा–अकोला ब्रॉडगेज झालं. अकोला–अकोट २०१७ च्या सुरुवातीला बंद झालं आणि रुंद होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. पण अकोटच्या पुढे मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प आहे. जुना मार्ग वाघांच्या जंगलातून जातो. रुंदीकरण तिथूनच करा, असा रेल्वेकडून येणारा एक आवाज होता. जंगलाबाहेरून वळवा, असा दुसरा. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पर्यायी मार्गासाठी केंद्राला पत्र लिहिलं.

इथं दोन्हीकडे खरी माणसं आहेत. ज्याला इंदूर-खांडव्याकडे जायला आज भुसावळचा फेरा पडतो त्याचे तास खरे आहेत. वाघाचं जंगलही खरं आहे, आणि एकदा चिरलं की परत शिवता येत नाही. मी बाहेरच्या मार्गाच्या बाजूनं आहे, वेळ लागला तरी. बाहेरून गेला तर वस्ती नसलेल्या जंगलाऐवजी तो मार्ग गावांना उपयोगी पडेल. पण माझ्यासमोर बसून एखादा म्हणाला, “तुमचं बरोबर हाय, पण मी कवा जाईन?” तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि त्यानं गप्प बसावं अशी माझी इच्छाही नाही. असं भांडण जऊळक्याच्या स्टेशनावर व्हायला हवं. रूळ तोच आहे.

मतांची देवघेव कशी करावी याचा वस्तुपाठ वऱ्हाडातच होऊन गेला, आणि आपण त्याचे नुसते पुतळे केले. गाडगेबाबा अमरावतीकडच्या शेंडगावचे. गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात ते सांगत कमी आणि विचारत जास्त. समोरच्या गर्दीला प्रश्न टाकायचा, उत्तर तिच्याकडूनच वदवून घ्यायचं, मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. त्यांच्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. त्यात लोक उत्तर देताना ऐकू येतात. आणि विषय कोणते? ताट आणि प्रवासच. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, देवापुढे बकरं कापू नका, जेवणाचं ताट विकावं लागलं तरी पोराला शिकवा. ज्या बाबांनी तीर्थाला कर्ज काढून जाऊ नका म्हटलं त्यांनीच पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, कारण माणूस जायचा राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मत आणि त्याची व्यवस्था, दोन्ही त्यांनी केलं. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. पक्षाचं नाव न घेता एवढं मोठं राजकारण वऱ्हाडात दुसऱ्या कुणी केलं नसेल.

आणि त्यांच्या समोर बायका बसलेल्या असायच्या. आमच्या पारावर त्या नाहीत.

हे मला सगळ्यात टोचतं. हॉटेल पुरुषांचं, पार पुरुषांचा, ग्रुपचा अॅडमिन पुरुष. राजकारण, जेवण आणि प्रवास यांवर मतं देणाऱ्या या मंडळात, रोज ताट वाढणारी बाई नाही. ती कुठं बोलते? एसटीत. १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आणि मालेगाव-वाशीमच्या गाड्यांत बायकांची गर्दी उघड वाढली. माहेरी जाणारी, दवाखान्यात जाणारी, बँकेत लाडक्या बहिणीचे पंधराशे पडले का ते बघायला निघालेली. तिथं ऐका. “तेलाचा पिपा केवढ्याले झाला वो माय!” “मले तं केवायसीसाठी दोनदा चक्कर पडली.” “पोराच्या शाळंत अंडं द्यायचे, ते बंद केलं म्हणतात.” बोलणाऱ्या बाईला यातलं प्रत्येक वाक्य स्वतःच्या खर्चानं कळलेलं असतं.

त्या अंड्याचं सांगतो. शाळेतल्या दुपारच्या जेवणात आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं, असं राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू केलं. लगेच पुरुषांच्या बैठकांत चर्चा रंगली ती अंडं शाकाहारी की मांसाहारी, धर्मात बसतं की नाही यावर. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. शाळांनी हवं तर लोकसहभागातून द्यावं, असं ठरलं. लोकसहभाग म्हणजे गावानं वर्गणी करायची. ज्या गावात सोयाबीन हमीभावाखाली विकलं त्या गावानं. यावर किती पारांवर चर्चा झाली? सोंगणीला जाताना पोराच्या डब्यात काय घालू, या विचारात असलेल्या बाईला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात निकाल दिला असता. तिला कुणी विचारलं नाही.

पुण्याला असलेली आमची पोरंही या देवघेवीत हवीत. दिवाळीला त्यांच्या ट्रॅव्हल्सचं भाडं दुप्पट-तिप्पट होतं आणि ती स्टेटसला चिडलेली चित्रं टाकतात. राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे : खाजगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. दिवाळीत चार पोरांनी तिकिटांचे फोटो एकत्र करून आरटीओकडे तक्रार दिली, तर ते राजकारण झालं आणि चांगलं झालं. चिडक्या चित्रानं भाडं उतरत नाही.

आता पाराला, हॉटेलला आणि ग्रुपला मी एक गोष्ट विचारतो. एवढी मतं आहेत ना, मग ग्रामसभेत ती कुठं जातात?

ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे हजारोंच्या गावातून शंभर माणसं यायची आहेत. तेवढीही येत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग दहा-पंधरा माणसांत पुढच्या वर्षाचा आराखडा मंजूर होतो आणि ज्यांना तो व्हायला हवा होता त्यांच्या सह्या आधीच झालेल्या असतात. त्या संध्याकाळी हॉटेलात शंभरापेक्षा जास्त माणसं चहा पिऊन गेलेली असतात. सभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असंही कायद्यात आहे. ती कागदावर झाल्याचं बऱ्याच बायकांना कागद पाहूनच कळतं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेचंच घ्या. तो सोयाबीन सोंगणीचा ऐन हंगाम. सभा सकाळी अकराला, आणि गावातली प्रत्येक काम करणारी बाई त्या वेळी विळा घेऊन दुसऱ्याच्या वावरात वाकलेली. मजुरी बुडवून तिनं यायचं आणि सरपंचाच्या मागं उभं राहून फोटोपुरतं दिसायचं, हे चालणार नाही. बायकांची सभा सोंगणीवरून परतल्यावर, संध्याकाळी सात-साडेसातला ठेवा. आठ दिवस आधी भोंग्यावरून सांगा, ग्रुपवरही टाका. अॅडमिननं ती राजकीय पोस्ट समजून उडवू नये. विषयपत्रिकेवर पहिल्यांदा शाळेतलं जेवण घ्या, मग बोगद्यातलं पाणी आणि पांदण रस्ते, मग जवळचं सोयाबीन खरेदी केंद्र कधी उघडणार आणि ओलावा मोजायचं यंत्र कुणासमोर लावणार हे. रेल्वेच्या थांब्याचा ठरावही घ्या आणि खासदाराकडे पाठवा. इथलं मतदान विधानसभेला रिसोडमध्ये आणि लोकसभेला अकोल्यात जातं, तेव्हा पत्र कुणाला लिहायचं याचा घोळ नको.

ठराव झाला की इतिवृत्तात तो तसाच लिहिला गेला का ते वाचून घ्या, सहीची प्रत मागा आणि पुढच्या सोमवारी दोघी-तिघी मिळून ती घेऊन मालेगावला पंचायत समितीत जा. एसटीनं जा. तुम्हाला तिकीट अर्धंच आहे.